नाव कमी न करणेबाबत

शनिवारी दुपारी दामोदर मढवी
चादरीत बांधून सीपीयू घेऊन आले,
कोपरखैरण्याच्या माझ्या गाळ्यात
काउंटरवर ठेवला, गाठ सोडली,
आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले,
"मी काय केला नाय, पोरी. साफ केला फक्त."

सॉफ्टवेअर फुकटचं होतं.
लाल अक्षरांत त्यानं सांगितलं होतं,
रजिस्ट्रीत तेराशे बारा चुका.
खाली हिरवं बटण, पानाच्या डब्याएवढं.
आपल्या घरात तेराशे बारा चुका आहेत
असं कळल्यावर सरळ माणूस झोपेल कसा?
त्यांनी चष्मा लावला. दाबलं.
चुका शून्य झाल्या.
मशीन होतं तितकंच संथ राहिलं,
पंखा घुरघुरायचा तो घुरघुरतच राहिला,
फक्त पंचवीस वर्षांचे मराठी अर्ज
उघडले की असे दिसत होते
जणू कुणी किल्ल्यांचा जुडगा कीबोर्डवर टाकलाय.

मग मी समजावू लागले.
रजिस्ट्री म्हणजे विंडोजची नोंदवही.
कुठला फॉन्ट कुठे, प्रिंटर कुठल्या तारेवर,
कुठली फाइल कुणी उघडायची.
लाखो ओळी. त्यात हजारेक मेलेल्या:
नातवानं काढून टाकलेला गेम,
कधीच विकलेल्या कॅमेऱ्याची सीडी.
पत्ता वहीत राहतो, घर नसतं.
राहू द्यायचा.
सगळ्या मिळून एका फोटोएवढी जागा खात नाहीत,
मशीन त्यांना ठेचाळत नाही,
त्या काढून वेग येतो हे कुणीतरी विकायला सांगितलेलं.
साफ करणारा एवढंच बघतो,
नोंद आहे, समोर वस्तू दिसत नाही. खोड.
तुमच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं ते छोटं लॉक,
त्या दिवशी लावलेलं होतं का?

नव्हतं. ते गोदरेजच्या कपाटात होतं,
नातू हरवील म्हणून.

"म्हंजे धनी जाग्यावर दिसला नाय,
म्हणून नाव खोडला?"
ते हसले नाहीत.
बराच वेळ चादरीची घडी घालत राहिले.
बेलापूरच्या खिडकीवर त्यांनी
साडेबारा टक्क्यांचे अर्ज पोचवण्यात जन्म काढलाय,
गावातल्या सगळ्यांचे, घेतले तर चहाचे पैसे घेऊन.
सर्व्हे नंबर आहे, जमिनीवर सेक्टर आहे.
खातेदार आहे, तो वारून एकोणीस वर्षं झाली.
मिठागर आहे, कागदावर,
आणि कागदावर आहे म्हणूनच
चौघी बहिणींचा हिस्सा आहे.

मी काही बोलले नाही.
माझ्या पाठीमागे भिंतीवर रेटकार्ड होतं,
पाचवी ओळ: रजिस्ट्री क्लीनिंग, तीनशे रुपये.
सहा वर्षं घेतले मी ते.
लोकांना शून्य बघायला आवडतं,
आणि मला गाळ्याचं भाडं भरायचं होतं.
काहींची मशिनं नंतर बंद पडली,
ती मीच दुरुस्त केली, वेगळे पैसे घेऊन.
काकांना जवळचं वाचायला चष्मा लागतो,
लांबचं स्वच्छ दिसतं.
मी जरा सरकून उभी राहिले.

त्या सॉफ्टवेअरनं बॅकअप विचारला होता.
"जागा वाचवा" लिहिलं होतं म्हणून
काकांनी खूण काढलेली.
पण मागच्या आठवड्यात विंडोजनं अपडेट घेताना
आपणहून एक रिस्टोअर पॉइंट ठेवला होता.
नशीब म्हणा.
चाळीस मिनिटं लागली. मध्ये एकदा लाइट गेली,
इन्व्हर्टरनं धरलं, आम्ही दोघांनी श्वास.

नातू लॉक घेऊन सायकलवर आला.
मी पहिली फाइल उघडली.
आधी काने आले, मग वेलांट्या, मग पूर्ण ओळ:
विषय: मयत खातेदाराचे नाव कमी न करणेबाबत.

काकांनी ती मोठ्यानं वाचली.
मग दुसरी उघडायला सांगितली.
मग तिसरी.

प्रिंटर अजून बंदच आहे.
सोमवारी बघते म्हटलं.